बाथरूममधली काळी बुरशी: डाग पुसला, पाणी तिथंच राहिलं

(ताज्या भागाचं शब्दांकन. मध्येमध्ये हसलो-अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका मूर्खपणापासून करतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही तिघं मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाथरूमला खिडकी आहे, पण ती उघडते डक्टमध्ये. म्हणजे ऊनही नाही आणि वाराही नाही. जुलैत टाइल्सच्या फटींत काळे ठिपके दिसायला लागले. ऑगस्टपर्यंत छताचा एक कोपरा काळाकुट्ट झाला. अंघोळ करताना वर बघायचं नाही, एवढाच आमचा तोडगा. मग एका मित्राचे आईबाबा राहायला येणार असं ठरलं आणि रविवारी सकाळी मी ब्रश घेऊन आत शिरलो. आधी ब्लीच ओतलं. डाग फिका झाला, पण गेला नाही. शेजारी टॉयलेट क्लीनरची बाटली होती. म्हटलं, दोन्ही मिळून डबल पॉवर.

काही सेकंदांत डोळ्यांतून धारा, घशात आग, छाती आवळल्यासारखी. कसाबसा बाहेर पडलो आणि जिन्यात बसून खोकत राहिलो. समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. वासावरूनच त्यांना कळलं.

"काय मिसळलंस रे? आता परत आत जाऊ नकोस. आणि बारावीला केमिस्ट्री होती ना तुला?"

होती, काकू. मार्कही बरे होते.

डॉक्टरांकडे जाऊन आलो, संध्याकाळपर्यंत बरा झालो. पण डोक्यात एक प्रश्न राहिला. घराच्या भिंतीवरचा हा डाग आणि माणूस, यांचं भांडण नेमकं किती जुनं आहे? शोधायला बसलो तर धागा थेट बायबलपर्यंत गेला. आणि एक गोष्ट सारखी दिसत राहिली. प्रत्येक काळात माणसांनी डागाला काहीतरी नाव दिलं: अपवित्र, विषारी, तुमच्या सवयींचा परिणाम. डागामागच्या पाण्याकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष गेलं. आजचा भाग त्याबद्दल आहे.

पहिली तक्रार

बायबलच्या जुन्या करारात लेवीय नावाचं पुस्तक आहे. त्याच्या १४व्या अध्यायात घराच्या भिंतीवर हिरवट किंवा लालसर चट्टे आले तर काय करायचं, याचे नियम आहेत. अडीच हजार वर्षांच्या आसपास जुना मजकूर. तिथं वर्णन केलेले चट्टे म्हणजे बुरशीच असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

प्रक्रिया बघा. घरमालकाने याजकाकडे, म्हणजे धर्मगुरूकडे, जाऊन तक्रार करायची. याजक यायच्या आधी घरातलं सामान बाहेर काढायचं. त्याने पाहणी करायची, मग घर सात दिवस बंद. सातव्या दिवशी पुन्हा पाहणी. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतल्या भिंती खरवडायच्या, नवे दगड, नवा गिलावा. एवढं करूनही परत आले, तर घर पाडायचं.

आम्ही ऑफिसात बग हाताळतो तो फ्लो यापेक्षा फार वेगळा नाही. तक्रार नोंदव, वेगळं काढ, वाट बघ, परत तपास, खराब भाग बदल. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. वरून रंग मारा, असं कुठेही सांगितलेलं नाही. खराब झालेला भाग काढूनच टाकायचा. मात्र हे चट्टे आले कुठून, पाणी कुठून मुरतंय, हा प्रश्न तिथं नाही. डाग म्हणजे अपवित्रता, आणि घर साफ झाल्यावर शेवटी शुद्धीचा विधी.

दिवाळीचा चुना

आता आपल्याकडे येऊ. आजी-आजोबांना विचारा, दिवाळीच्या आधी घराला काय व्हायचं? चुना. भिजवलेला चुना गाळून, त्यात थोडी नीळ घालून, कुंच्याने भिंतींवर मारायचा. मुंबईत चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे, पुण्यातही त्या नावाचा भाग आहे. चुना भाजायच्या भट्ट्या शहरांना लागायच्याच, नावांत त्यांची आठवण उरली.

या चुन्यामागे सरळ केमिस्ट्री आहे. ताजा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याचा पीएच १२च्या वर. इतक्या अल्कधर्मी थरावर बहुतेक बुरशींना वाढता येत नाही. शिवाय चुन्याचा गिलावा ओल अडवून धरत नाही, भिंतीत मुरलेलं पाणी हळूहळू हवेत जाऊ देतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होत जातो आणि त्याची धार कमी होते. म्हणून तो परत परत मारावा लागतो. चार महिने पाऊस, भिंती ओल्या, आणि पाऊस गेल्यावर लगेच ताजा चुना. पूर्वजांना पीएच माहीत होता असं मी म्हणत नाहीये, उगाच व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नको. पण वर्षाचं हे मेंटेनन्स बरोबर वेळेवर यायचं, एवढं खरं.

आणि अंघोळ कुठे व्हायची? वाड्यात, गावच्या घरात न्हाणी मागच्या बाजूला, परसाकडे. चाळीत खोलीच्या कोपऱ्यात मोरी. तिथं शेवाळ धरायचं, निसरडं व्हायचं, सगळं छान होतं असं अजिबात नाही. पण चारही बाजूंनी बंद, ऊन न येणारी, दिवसातून तीन-चार वेळा वाफेने भरणारी खोली घराच्या पोटात असणं, ही आपल्याकडे तशी नवी गोष्ट आहे.

शहरात हवा आणि उजेड हा सरकारी विषय झाला तो प्लेगमुळे. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मग घरांवर मोहीम निघाली. सक्तीने सफेदी, सामान बाहेर, अंधाऱ्या दमट खोल्यांवर रोख. प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. पॉल-लुई सिमोंने १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून ते दाखवलं, तेही लोकांना पटायला पुढे वर्षं गेली. म्हणजे प्लेगपुरतं भिंतींना दोष देणं चुकीचं होतं. पण त्याच धडपडीतून १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला, आणि दोन इमारतींमध्ये उजेड-वारा किती हवा याचा हिशेब सुरू झाला. माझ्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते तेव्हा मला त्या हिशेबाची आठवण होते.

प्रागमधला वॉलपेपर

चुन्याची जागा पुढे सिमेंटने घेतली. १८२४मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. नंतर आले ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन, पीओपी. भिंत गुळगुळीत झाली, पण रंगाच्या थरामागे ओल अडकायला लागली. पोपडे सुटतात ते त्यामुळेच.

पण काळ्या बुरशीला स्वतःचं नाव मिळालं ते युरोपात, कागदी भिंतींवर. १८३७मध्ये ऑगस्ट कार्ल योसेफ कोर्दा या शास्त्रज्ञाला प्रागमधल्या एका घराच्या वॉलपेपरवर एक काळी बुरशी सापडली. त्याने तिला नाव दिलं स्टॅकिबोट्रिस. ग्रीकमध्ये स्टॅकिस म्हणजे कणीस, बोट्रिस म्हणजे द्राक्षांचा घड. सूक्ष्मदर्शकाखाली ती तशीच दिसते.

हीच ती इंटरनेटवरची प्रसिद्ध 'टॉक्सिक ब्लॅक मोल्ड'. पण हिला लागतो सेल्युलोज, म्हणजे कागद, लाकूड, पुठ्ठा, आणि तोही बराच काळ चिंब ओला. टाइल्सच्या फटींत जे काळं दिसतं ते बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियमसारख्या दुसऱ्याच बुरशी असतात. नुसत्या रंगावरून जात ओळखता येत नाही. आणि खरं सांगायचं तर साफ करायला जात माहीत असायची गरजही नसते.

दोन बाटल्यांची गोष्ट

आता माझ्या त्या दोन बाटल्यांकडे येऊ.

१७७४मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडनमधल्या औषधविक्या रसायनतज्ज्ञाने मँगनीजच्या एका खनिजावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकलं. पिवळट-हिरवा, गुदमरवणारा वायू निघाला. १८१०मध्ये हम्फ्री डेव्हीने त्याला क्लोरीन हे नाव दिलं.

मधल्या काळात फ्रान्समध्ये क्लॉद बेर्तोले याच्या लक्षात आलं की हा वायू रंग उडवतो. त्याआधी कापड पांढरं करायला ते कुरणांवर उन्हात आठवडेच्या आठवडे पसरून ठेवावं लागायचं. १७९९मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने क्लोरीन चुन्यात शोषून घेऊन पावडर बनवायचं पेटंट घेतलं. ही आपली ब्लीचिंग पावडर. पालिकेचे लोक गटारांच्या कडेला टाकतात तीच. १८४७मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना याच क्लोरीनच्या चुन्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. किती बायकांचे जीव वाचले या पावडरीमुळे.

म्हणजे ब्लीच काय आहे? क्लोरीनला पकडून, बांधून ठेवलेलं रसायन. आणि त्यावर अ‍ॅसिड ओतलं की ती गाठ सुटते आणि क्लोरीन बाहेर पडतो. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं. फरशी घासायचं अ‍ॅसिड तर नावानेच अ‍ॅसिड. व्हिनेगरसुद्धा अ‍ॅसिडच.

हाच वायू २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने हजारो नळकांड्यांतून वाऱ्यावर सोडला. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, आपल्या लाहोर डिव्हिजनचे सैनिक त्याच आघाडीवर वायूच्या ढगात सापडले. मास्क म्हणजे ओलं फडकं. जमादार मीर दस्त यांनी स्वतः वायूचा त्रास झालेला असताना आठ ब्रिटिश आणि भारतीय अधिकाऱ्यांना उचलून सुरक्षित जागी नेलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण रविवारी सकाळी चार फूट बाय सहा फूट बंद खोलीत मी तोच वायू स्वतःच्या हाताने बनवला होता. युद्ध नव्हतं. पाहुणे येणार होते म्हणून.

घाबरायचं किती?

आता दुसरं टोक. १९९३-९४मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. सरकारी संशोधकांनी दहा बाळांचा अभ्यास केला. घरं पाण्याने खराब झालेली होती, स्टॅकिबोट्रिस सापडली, आणि दोन्हींचा संबंध असावा असं अहवालात आलं. मग टीव्ही, कोर्टकचेऱ्या, विमा कंपन्या, सगळीकडे काळ्या बुरशीचा धसका. अमेरिकी घरांच्या भिंती दोन्ही बाजूंनी कागद लावलेल्या जिप्सम बोर्डच्या, म्हणजे या बुरशीला ताटात वाढलेलं जेवण. त्यात १९७३च्या तेलसंकटानंतर वीज-इंधन वाचवायला घरं हवाबंद बांधायला लागले होते.

२०००मध्ये त्याच सरकारी संस्थेने आधीचा अभ्यास पुन्हा तपासला आणि जाहीर केलं की बुरशी आणि त्या रक्तस्रावाचा संबंध सिद्ध होत नाही. स्वतःचीच चूक अशी उघड सांगायला हिंमत लागते.

मग बुरशी निरुपद्रवी का? तसंही नाही. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. दमट, बुरशी आलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप, दमा आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त होतात, हे त्यात स्पष्ट आहे. उपायही स्पष्ट: ओल होऊ देऊ नका, झाली तर दूर करा. कोणती बुरशी, विषारी की साधी, यावर तो उपाय अवलंबून नाही.

"तुमच्या अंघोळीमुळे"

आजच्या भागातली सगळ्यात जड गोष्ट आता सांगतो.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल आहे. तिथं एका छोट्या सामाजिक भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुदानहून आलेलं एक कुटुंब राहायचं. बाथरूम आणि किचनच्या भिंती बुरशीने काळ्या. वडिलांनी २०१७मध्ये पहिली तक्रार केली. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. त्यांनी मारला. बुरशी परत आली. तक्रारी चालू राहिल्या. डिसेंबर २०२०मध्ये त्यांचा मुलगा, अवाब इशाक, श्वसनाच्या त्रासाने गेला. नुकताच दोन वर्षांचा झाला होता. नोव्हेंबर २०२२मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निकाल दिला: मृत्यूचं कारण घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क.

चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. घर सांभाळणाऱ्या संस्थेने गृहीत धरलं होतं की दोष कुटुंबाच्या राहणीचा, त्यांच्या अंघोळीच्या पद्धतीचा आहे. ही लोकं बादलीने अंघोळ करत असणार, पाणी सांडत असणार. हे गृहीत धरणं चुकलं, असं संस्थेला शेवटी कबूल करावं लागलं.

बादलीने अंघोळ. हे वाचलं तेव्हा मी थांबलो. माझ्या घरात तीन पिढ्या बादली-तांब्यानेच अंघोळ करतात. परदेशात भाड्याने राहणारे आपले कितीतरी जण करतात. पंख्याशिवाय, वाऱ्याशिवाय बाथरूम बांधलं कोणी, हे विचारायचं सोडून 'तुम्ही अंघोळ कशी करता' हे विचारलं गेलं.

या प्रकरणानंतर २०२३मध्ये तिथं कायदा झाला, त्याला अवाबचा कायदा म्हणतात. ऑक्टोबर २०२५पासून तो लागू व्हायला सुरुवात झाली. तातडीचा धोका असेल तर सामाजिक घरांच्या मालकाने २४ तासांत हालचाल करायची. ओल-बुरशीचा गंभीर त्रास असेल तर कामाच्या दहा दिवसांत तपासणी.

मग साफ कसं करायचं?

एवढा इतिहास ऐकलात, आता कामाचं. मी नंतर ज्या पद्धतीने केलं तेच सांगतो.

आधी पाणी शोधा. भिंतीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. बाहेरच्या बाजूला थेंब आले तर ती खोलीतली वाफ आहे. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय, म्हणजे लीकेज. आमच्याकडे छताच्या कोपऱ्यात लीकेजच निघालं, वरच्या मजल्याच्या पाइपचं.

जागा किती ते बघा. साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंत असेल तर स्वतः करता येतं. त्याहून मोठी, गटाराच्या पाण्याने आलेली, किंवा घरात दम्याचा पेशंट असेल तर जाणकाराला बोलवा. दमा ज्याला आहे त्याने स्वतः तर घासूच नये.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा किंवा गॉगल. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, घराकडचं दार बंद. लक्षात घ्या, एन-९५ बुरशीचे कण अडवतो, क्लोरीन वायू अडवत नाही.

कोरडं घासू नका, कण हवेत उडतात. आधी भांड्यांच्या लिक्विडचं पाणी फवारा, मग ब्रशने घासा, पुसा, कोरडं करा. टाइल्ससाठी एवढं पुरतं. फटींतला डाग राहिलाच तर पातळ केलेलं ब्लीच वापरा, पण एकटं. आधी वापरलेलं सगळं भरपूर पाण्याने धुऊन. त्यात अ‍ॅसिड नाही, व्हिनेगर नाही, अमोनिया असलेला काच-क्लीनरही नाही. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं असेल तर ते कापून काढा आणि नवं भरा. पीओपी, पुठ्ठा, प्लायवूड आतून काळं झालं असेल तर तो भाग बदला. मेलेली बुरशीसुद्धा अ‍ॅलर्जी देते, म्हणून मारणं पुरेसं नाही, काढायलाच हवी. रंग तर सगळं वाळल्यावरच.

आणि चुकून मिसळलंच, वास आला, तर धुवायला थांबू नका. बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा. श्वास लागत असेल तर थेट हॉस्पिटल.

शेवटी रोजचं काम: अंघोळीनंतर भिंतीवरून वायपर, एक्झॉस्ट अर्धा तास, कुठे पाणी मुरलं तर ते एक-दोन दिवसांत वाळलंच पाहिजे.

आमच्या घरमालकांचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पहिल्या फोनला ते म्हणाले, "तुम्ही मुलं दार बंद ठेवता ना, म्हणून होतं." मी वाद घातला नाही. फॉइलचे फोटो तारखेसकट पाठवले, आतल्या बाजूचे थेंब दाखवले, आणि लिहिलं, "काका, पाणी वरून येतंय." सोसायटीचा प्लंबर पुढच्या आठवड्यात आला. काकूंनी त्याला चहा दिला, आणि मला बारावीचं समीकरण परत लिहून दाखवायला लावलं.

तुमच्या बाथरूमच्या छताकडे आज एकदा वर बघा. काळं दिसलं तर बाटली उचलायच्या आधी फोटो काढा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!